अर्जदाराने स्वतः यावे

आत्याचा निरोप समारंभ आतापर्यंत तीन वेळा झाला होता. पहिल्या वेळी सगळे रडले. खाली स्टुडिओला कुलूप लावलं, वर दिवाणखान्यात टेबल मांडलं, केक आणला, आत्याच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाया आल्या, आणि घरच्या जावयांनी, म्हणजे थोरल्या भाचीच्या नवऱ्याने, चाकांची भलीमोठी बॅग भेट दिली. दुसऱ्या वेळी, म्हणजे 'या आठवड्यात व्हिसा नक्की' असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं तेव्हा, फक्त घरचेच रडले, तेही जेवणं उरकल्यावर. तिसऱ्या वेळी केकच्या जागी बिस्किटं आली, आणि धाकटा भाचा गिऱ्हाईक आलंय म्हणून मध्येच खाली गेला तो परत आलाच नाही. जिन्यात शेजारीण भेटली की आता "अजून इथेच?" एवढंच विचारायची आणि आत्याही "अजून इथेच" म्हणून पुढे व्हायची.

निघायचंच आहे म्हणून आत्याने आपली खोली भाच्याला, म्हणजे धाकट्याला, केव्हाच देऊन टाकली होती. त्याने तिथे फोटो छापायचं नवं यंत्र बसवलं. त्यामुळे आत्या दिवाणखान्यात झोपायची आणि तिचे कपडे बॅगेत राहायचे. रोज सकाळी बॅग उघडून एक जोड काढायचा आणि संध्याकाळी धुतलेला आत ठेवायचा. "मी माझ्याच घरात हॉटेलात राहते," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. अलीकडे मात्र हसत नव्हती, आणि ते सगळ्यांत आधी वहिनीच्या ध्यानात आलं होतं.

वहिनीच्या मनात एक गोष्ट होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. रोज सकाळी आत्या संगणकासमोर बसून आपला अर्ज बघायची, पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच उमटायचं, आत्या सुस्कारा टाकायची, आणि तिकडे स्वयंपाकघरात वहिनीच्या जिवात जीव यायचा. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा नणंद कॉलेजात होती. सासू, सासरे, दुकान, दोन बाळंतपणं, नवऱ्याचा संताप, हे सगळं दोघींनी मिळून निभावलं होतं. नणंद जाणार ही चांगलीच गोष्ट होती. फक्त आज नको, उद्या जाऊ दे, असं वहिनीला रोज वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

त्या शनिवारी थोरली नवऱ्याला घेऊन सकाळीच हजर झाली. थोरली म्हणजे वहिनीची मुलगी. मोठ्या दवाखान्यात रुग्णांना दाखल करून घ्यायचं काम बघायची, त्यामुळे माणसांना रांगेत उभं करायची तिला सवय होती.

"आत्या कुठाय?"

"चपला शिवायला गेल्यात," वहिनी म्हणाली.

"सकाळपासून?"

"मोच्याकडे गर्दी असेल."

"बरंच झालं. ती यायच्या आत आपण ठरवून टाकू. बाबा, खालचं आवरा आणि वर या. धाकट्यालाही आणा."

दादा, म्हणजे आत्याचे भाऊ आणि वहिनीचे यजमान, वर आले. फोटोग्राफर माणूस, घरात शिरताना आधी खिडकीतल्या उजेडाकडे बघायचे आणि मग माणसांकडे. मागोमाग धाकटा आला, गळ्यात कॅमेरा तसाच.

"भूगोलाचं काय म्हणणं आहे?" दादांनी बसता बसता विचारलं.

भूगोल म्हणजे आत्याच्या शाळेत भूगोल शिकवणारे सर. त्यांचा वर्ग आत्याच्या प्रयोगशाळेला लागून होता. बायको गेल्यावर ते परदेशी मुलाकडे राहायला गेले, तिथून फोन करू लागले, आणि गेल्या वर्षी इथे येऊन त्यांनी आत्याला सरळ लग्नाचं विचारलं. तेव्हा दादांनी जे रामायण केलं होतं, ते या घरातल्या कुणाला नव्याने सांगायची गरज नव्हती. शेवटी सर स्वतःचा फोटो काढून घ्यायला म्हणून स्टुडिओत आले, दादांच्या दिव्यांची मनापासून स्तुती करून गेले, आणि दादा विरघळले. मागून सगळे त्यांना भूगोलच म्हणायचे. समोर अर्थातच सर.

"सरांचा मला काल फोन होता," थोरली म्हणाली. "म्हणतात, तिला येता येत नसेल तर मीच कायमचा तिकडे येतो. नातीला कडेवर घेऊन बोलत होते. ती त्यांचा चष्मा ओढत होती, आणि हे गंभीरपणे बोलायचा प्रयत्न करत होते."

"मग येऊ देत की!" आतून वहिनी इतक्या घाईने म्हणाली, की सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"आई, त्यांचा मुलगा, सून, नात सगळे तिकडे आहेत."

"मी आधीच म्हणालो होतो..." दादांनी सुरुवात केली.

"बाबा, तुम्ही आधी काय म्हणाला होता ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे."

जावयांनी घसा साफ केला. ते विमा कंपनीत होते आणि जगातला कुठलाही प्रश्न व्यवस्थित पत्रव्यवहाराने सुटतो अशी त्यांची श्रद्धा होती. "माझ्या मते अर्ज मागे घ्यावा आणि नव्याने करावा. मी त्यांना इतक्या ईमेल केल्या, प्रत्येक वेळी तेच उत्तर. मजकूरही तोच. मला तर वाटतं, तिथे माणूसच नसावा."

"मागे कशाला घ्यायचा?" धाकटा म्हणाला. "इतकं थांबली, अजून थोडं. आणि तसंही मशीन आता त्या खोलीत बसवलंय, हलवायचं म्हणजे..."

"तुझं मशीन राहू दे बाजूला!"

"मी म्हणते वरच्या साहेबाला गाठा," थोरली म्हणाली.

"कुठल्या?"

"असतो कुणीतरी. कुठेही वरचा साहेब असतोच."

तिघांचे तीन पक्ष झाले. दादा जावयांच्या बाजूने होते, पण जावई दादांच्या बाजूने आहेत असं दिसू द्यायला तयार नव्हते. वहिनी कुणाच्याच बाजूने नव्हती. ती नुसती भाजी ढवळत होती, आणि भाजी केव्हाच शिजली होती.

आत्याच्या चपलांना काहीही झालेलं नव्हतं.

ती व्हिसा केंद्राच्या रांगेत उभी होती. काल रात्री सरांनी तिलाही तेच सांगितलं होतं, मीच येतो. मागे ती पोर खिदळत होती. आत्या बरं म्हणाली, फोन ठेवला, आणि पहाटेपर्यंत तिने ठरवून टाकलं की अर्ज मागे घ्यायचा आणि त्यांनाही तिकडेच थांबायला सांगायचं. एका म्हाताऱ्याची नात त्याच्यापासून तोडायची आणि वर संसार मांडायचा, हे तिला जमणारं नव्हतं. घरी सांगितलं असतं तर प्रत्येकाने आपापलं मत दिलं असतं. म्हणून चपला.

खिडकीत एक तरुण मुलगी होती, अंबाड्यात पेन खोचलेली.

"अर्ज मागे घ्यायचाय," आत्या म्हणाली आणि पावती पुढे केली.

मुलीने आकडा टाकला, पडद्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"अर्जदार कुठे आहेत?"

"मीच."

"नाही, म्हणजे ज्यांचा अर्ज आहे त्या."

"त्याच ह्या. म्हणजे मीच."

मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "हे बघा काकू, अर्ज मागे घ्यायला अर्जदाराने स्वतः यावं लागतं. तुमच्या मुलीला पाठवा."

"मुलगी? अहो, मला कुठली मुलगी? माझं तर अजून लग्न व्हायचंय!"

मागच्या गृहस्थाला एकाएकी खोकला आला. मुलीने हसू दाबलं आणि पडदा आत्याकडे वळवला. "मग ह्या कोण?"

"माझाच फोटो की हा," आत्या म्हणाली. तिला त्यात काही वावगं दिसेना.

तेव्हा मुलीने त्याच्या शेजारी पासपोर्टवरचा फोटो उघडला. तो पासपोर्ट कचेरीतल्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. त्यात एक साठीची बाई होती. कपाळाला आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या, आणि डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत उतरलेला भाजल्याचा डाग. शेजारच्या फोटोत फार तर चाळिशीची, गुळगुळीत गालांची, सिनेमातल्या डॉक्टरीणबाईसारखी कुणी एक बाई मंद हसत होती. आत्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

"अगं बाई," ती म्हणाली. "आमच्या दादाने मला धुतलं."

दिवाणखान्यात चर्चा रंगात आली असताना दार उघडलं. आत्या तशीच चालत टेबलापाशी आली. तिचा चेहरा असा काही झाला होता, की ही आता रडणार की हसणार ते थोरलीला कळेना.

"दादा, माझ्या डाव्या गालाकडे बघ."

दादांनी चष्मा सावरला. "बघितलं."

"काय दिसतंय?"

"गाल."

"गालावर?"

दादांनी खरोखर निरखून बघितलं. "काही नाही. का, काही लागलंय का?"

"बाबा, डाग!" थोरली ओरडली.

"हां, तो होय," दादा म्हणाले. "तो तर आहेच."

आत्या खुर्चीत बसली आणि तिने सगळं सांगितलं. खिडकीतली मुलगी, मुलीला पाठवा, खोकणारा गृहस्थ. "दोन फोटोंत दोन वेगळ्या बायका दिसतात, म्हणून माझी फाईल तपासणीच्या ढिगात पडली. आणि ढिगाला हात लावायला कुणाला वेळ नाही."

या घराचा एक नियम होता. स्टुडिओ सुरू करणाऱ्या आजोबांनी तो घालून दिला होता, की चेहरा साफ केल्याशिवाय दुकानाबाहेर पाठवायचा नाही. ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने मुरूम, देवीचे व्रण, सुरकुत्या भरून काढायचे. दादांनी तेच केलं, आता धाकटा संगणकावर करायचा. अख्ख्या गावाचे चेहरे या कुटुंबाने उजळून दिले होते. स्वतःचेही. पिढ्यान्‌पिढ्या साफ केलेले फोटो बघून घरातल्या प्रत्येकाला वाटायचं, आपण असेच दिसतो.

"बाबा," थोरली हळूच म्हणाली, "खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

दादांचा चेहरा पडला. "मुद्दाम?"

"तुम्हाला हे लग्न नको होतं ना."

"म्हणून मी बहिणीचा व्हिसा अडवीन? मी?" दादा उठले, परत बसले. थोरलीला बोललेलं परत गिळावंसं वाटलं.

"त्यांना बोलू नकोस!" वहिनी हातात झारा घेऊन बाहेर आली. "मुद्दाम म्हणशील तर सगळ्यात आधी मला विचार. हा व्हिसा आज येऊ नये असं रोज सकाळी मनात म्हणणारी बाई मी आहे. वन्सं, मला माफ करा. तुमच्याशिवाय या घरात माझं कसं व्हायचं, याच्यापुढे मला काही सुचत नव्हतं."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "वहिनी, तुझ्या मनात म्हणण्याने व्हिसा अडत असता, तर तुला त्या कचेरीत नोकरी मिळाली असती."

धाकट्याने गळ्यातला कॅमेरा टेबलावर ठेवला. "आत्या, बाबांनी फक्त गाल केला होता. कपाळाच्या आठ्या मी काढल्या."

"आणि डोळ्यांखालच्या पिशव्या?"

"त्याही मीच."

"केस?"

"थोडेसे काळे केले. परदेशात जायचंय म्हटल्यावर..."

"गळ्याखालचं जरा बघ रे, असं मीच त्याला म्हणाले होते," वहिनी झाऱ्याकडे बघत म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या. तीन फोटोंतून हा पसंत करणारी तीच होती. ती एकदम नवऱ्याकडे वळली. "आणि पाठवला तू!"

"मी फक्त अपलोड केला," जावई म्हणाले.

"'आत्या यात फार छान दिसतात,' हे कोण म्हणालं होतं, भाऊजी?" धाकट्याने विचारलं.

जावयांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायले.

"जाऊ दे रे," आत्या म्हणाली. "सगळ्यात जास्त तो मला आवडला होता. मी तर सरांनाही पाठवला होता."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, छान आहे, पण ही कोण?" आणि इथे मात्र आत्याला हसू फुटलं. ते असं फुटलं, की आधी वहिनी, मग धाकटा, मग खुद्द जावईसुद्धा पेला खाली ठेवून हसू लागले. थोरलीने हसता हसता डोळे पुसले. दादा तेवढे हसले नाहीत.

"पण तू तिथे गेली होतीस कशाला?" त्यांनी विचारलं. "चपला शिवायला गेली होतीस ना?"

हसणं थांबलं.

"अर्ज मागे घ्यायला," आत्या म्हणाली. "सर माझ्यासाठी सगळं सोडून येणार होते. मला ते नको होतं. म्हटलं, दोघांनीही आपापल्या जागी राहावं. आणि घेतलाही असता मागे. पण मी मीच आहे हे तिथे कुणी मान्यच करेना!"

वहिनी वळली. तिने आत जाऊन गॅस बंद केला, झारा ठेवला आणि पदराला हात पुसत परत आली. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, उठा म्हणते ना. खाली दिवे लावा. आधी वन्संचा फोटो काढा, मग जेवण."

"अगं, पण तू तर..."

"मी काय म्हणत होते ते मी म्हणत होते. त्या अर्ज मागे घेऊन या घरात तोंड पाडून बसतील, ते मला बघवणार नाही. चला."

सगळी वरात खाली उतरली. दादांनी पांढरा पडदा सोडला, स्टूल मांडलं, आत्याला बसवलं. धाकट्याला थोरलीने संगणकापासून लांब खुर्चीवर बसवलं होतं आणि हात मांडीखाली ठेवायला लावले होते.

दादांनी सवयीने मोठी छत्रीवाली लाईट आत्याच्या उजव्या बाजूला ओढली आणि कॅमेऱ्यातून बघितलं. आत्याचा डावा गाल मऊ सावलीत गेला होता. डाग दिसतच नव्हता. ते थबकले. अजून कुणी पेन्सिल हातात घेतली नव्हती, संगणकाला शिवलं नव्हतं, आणि तरी डाग गेला होता. म्हणजे इतकी वर्षं ते दिवाच असा लावत आले होते. घरातल्या प्रत्येक फोटोत. त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

त्यांनी दिवा समोर आणला, छत्री काढली, आणि परत बघितलं.

आपली बहीण म्हातारी झाली आहे, हे त्यांना त्या दुपारी कळलं. कॅमेऱ्यातल्या चौकटीत ती सरळ बसली होती, आठ्यांसकट, पिशव्यांसकट, आणि तो डाग कानापासून ओठापर्यंत स्पष्ट होता. दादांना वाईट वाटलं नाही. फार उशीर केला, एवढं वाटलं.

"हे लागलं तेव्हा मी कुठे होतो?" त्यांनी विचारलं.

"इथेच. दुकानात गर्दी होती. प्रयोगशाळेत नळी फुटली माझ्या हातात."

"मग तुला कुणी बघितलं?"

"सरांनी. आवाज ऐकून वर्ग टाकून धावत आले. माझं डोकं नळाखाली धरलं आणि मी ओरडत होते तरी सोडलं नाही. डॉक्टर म्हणाला, त्यामुळे डोळा वाचला."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. घरी आले, पट्टी सोडून तुला दाखवलं. तू म्हणालास, काळजी करू नकोस, फोटोत काढून टाकू."

दादांनी कॅमेरा खाली घेतला. वहिनीला हे ठाऊक होतं, ती भिंतीकडे बघत राहिली.

"मी मूर्ख होतो," दादा म्हणाले.

"तुला प्रेम दाखवायचं होतं. तुला दुसरं काय येतं?" आत्या म्हणाली. "आता काढतोस का? पाय अवघडले माझे."

"हनुवटी जरा खाली. हसू नकोस, हसलेलं त्यांना चालत नाही."

"मग तू इतकं तोंड पाडून उभा राहू नकोस. मला हसू येतंय."

फोटो झाला. त्याने पुढे काय काम केलं ते सांगायला फार शब्द नकोत. सोमवारी तो खिडकीतून आत गेला आणि महिना संपायच्या आत व्हिसा आला. चौथा निरोप समारंभ करायचा की नाही यावरून जे काही झालं ते झालंच. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी सगळ्यांनी असं वागायला सुरुवात केली होती की जणू आत्या उद्याच निघणार आहे. थोरलीने सरांना फोन लावला. जावयांनी अर्जासोबत जोडायच्या खुलाशाचा मजकूर सांगायला घेतला आणि कुणी ऐकत नाही म्हणून भिंतीला सांगितला. वहिनीने नणंदेचा हात धरून ठेवला होता.

छापलेला कागद यंत्रातून बाहेर आला. एका कागदावर सहा आत्या होत्या. दादा कटरपाशी उभे राहून एकेक कापू लागले. पाच त्यांनी पाकिटात घातल्या आणि सहावी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"ती कुठे चालली?" आत्याने विचारलं.

"राहू दे माझ्याकडे."

"घरभर इतके फोटो आहेत माझे. त्यातला घे की एखादा चांगला."

"त्यात तू नाहीस," दादा म्हणाले. "तू गेलीस की मला तुझा एक फोटो हवा. या घरात एकही नाही."

आत्याने त्यांच्या खिशातून तो फोटो काढला, उजेडात धरून बघितला आणि परत त्यांच्या हातात दिला. "मग नीट तरी काप. कड वाकडी गेलीय."

कड खरंच वाकडी गेली होती. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना ती दिसत नव्हती.